वादग्रस्त भूमीवरील धार्मिक किबुत्झचा अभ्यास कसा करावा: मुंबईतील वाचकमंडळांसाठी

मुंबईत इस्रायल-पॅलेस्टाइनचा विषय निघाला की चर्चा लवकर पेटते आणि त्याहूनही लवकर विझते. वाचनालयातील साप्ताहिक बैठक असो, महाविद्यालयातील वादविवाद असो की निवृत्त मंडळींचा कट्टा असो, ‘ती जमीन मुळात कोणाची?’ या एका प्रश्नावर सगळे अडतात, दोन्ही बाजूंनी ठरलेली वाक्ये ऐकवली जातात आणि मंडळी घरी जातात. ज्या मंडळाला या विषयातले खरोखर काही समजून घ्यायचे आहे, त्याने संपूर्ण संघर्ष हाती न घेता एकच गाव निवडावे आणि ते तीन-चार बैठकांत नीट पाहावे, असे माझे ठाम मत आहे. असा अभ्यास कसा आखावा, त्यात काय वाचावे, कोणाला विचारावे आणि शेवटी तो लोकांपुढे कसा मांडावा, हे पुढे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक शिस्त लावून घ्यावी. वहीची तीन पाने वेगळी ठेवावीत: एकावर जमिनीची मालकी, दुसऱ्यावर त्या प्रदेशावरील राज्याचा हक्क आणि तिसऱ्यावर तिथे राहिलेल्या माणसांची आठवण. या विषयातील निम्मे वाद, एका पानावरचा प्रश्न दुसऱ्या पानावरच्या उत्तराने सोडवायला गेल्यामुळे होतात. ‘आमच्या वडिलांनी ही जमीन विकत घेतली होती’ हे मालकीचे विधान आहे, ‘हा प्रदेश व्याप्त आहे’ हे राज्यहक्काचे, आणि ‘आमची माणसे इथे मारली गेली’ हे स्मृतीचे. तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि म्हणूनच एकाने दुसरे खोडून निघत नाही.

कोणते गाव घ्यावे

किबुत्झ म्हणजे सामायिक मालकीची, सामूहिक श्रमावर चालणारी वसाहत, एवढे बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. १९१० मध्ये देगानिया येथे या प्रयोगाची सुरुवात झाली आणि त्यामागची प्रेरणा प्रामुख्याने समाजवादी, बऱ्याच अंशी निधर्मी होती. धर्म पाळणाऱ्या तरुणांनाही असे जीवन हवे होते, मात्र शब्बाथ, आहारनियम आणि प्रार्थना सोडून नव्हे. ‘तोरा (ज्यू धर्मग्रंथ) आणि श्रम’ हे ब्रीद घेऊन त्यांनी १९३५ मध्ये धार्मिक किबुत्झांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. तिरात झ्वी (१९३७), स्दे एलियाहू (१९३९) आणि याव्ने (१९४१) ही त्यांची आरंभीची गावे आहेत. ही तिन्ही १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेच्या आत, म्हणजे इस्रायल म्हणून जगाने सामान्यतः मान्य केलेल्या प्रदेशात येतात, त्यामुळे ‘धार्मिक किबुत्झ’ ऐकताच ‘वादग्रस्त वसाहत’ असे समीकरण कोणी मांडू लागल्यास त्याला तिथेच थांबवावे.

वादग्रस्त भूमीवरील गाव म्हणून मी क्फार एत्झिओन सुचवतो. जेरुसलेम आणि हेब्रॉन यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यात, बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर ते वसले आहे. भोवतालच्या वसाहतींच्या समूहाला गुश एत्झिओन म्हणतात आणि त्यात रोश त्झुरिम व मिग्दाल ओझ हे आणखी दोन धार्मिक किबुत्झ आहेत. क्फार एत्झिओन निवडण्याचे कारण असे की मालकी, राज्यहक्क आणि स्मृती हे तिन्ही धागे इथे अतिशय घट्ट आहेत. ज्याला हे गाव समजले, त्याला इतर वसाहतींबद्दलचे दावे तपासणे पुष्कळ सोपे जाते.

शब्दांबाबत मंडळाने पहिल्याच बैठकीत ठराव करावा. हे गाव ज्या वेस्ट बँकेत येते, त्या प्रदेशाला इस्रायल सरकार ‘वादग्रस्त’ म्हणते, तर संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि जगातील बहुसंख्य देश त्याला ‘व्याप्त’ म्हणतात. टिपणांत ‘वेस्ट बँक’ हे भौगोलिक नाव वापरावे आणि बाकीचे शब्द ज्याचे त्याच्या तोंडी ठेवावेत.

नकाशा आणि कालपट

वाचनापूर्वी नकाशा काढावा, आणि तो हाताने काढावा. मोठ्या कागदावर आधी जेरुसलेम, बेथलेहेम आणि हेब्रॉन यांना जोडणारा रस्ता दाखवावा, मग शस्त्रसंधीची हिरवी रेषा आणि मग वसाहती. यानंतर न विसरता नाहालीन, हुसान, वादी फुकीन, जबा आणि बेत उम्मर ही पॅलेस्टिनी गावे आणि अल-अर्रूबची निर्वासित छावणी याच कागदावर त्याच जाडीच्या शाईने घालावी. केवळ वसाहती दाखवणारा नकाशा आणि केवळ अरब गावे दाखवणारा नकाशा, दोन्ही सहज मिळतात. दोन्ही एका कागदावर येतात तेव्हा एका टेकडीवरून दुसरीवर हाक जावी इतक्या जवळ ही माणसे राहतात हे पहिल्यांदा लक्षात येते.

कालपटासाठी एक पूर्ण बैठक ठेवावी, कारण इथे घाई केली तर पुढचे सगळे कोसळते. या टेकड्यांवर ज्यू वस्तीचा पहिला आधुनिक प्रयत्न १९२७ मध्ये मिग्दाल एदेर या नावाने झाला आणि १९२९ च्या हिंसाचारात तो मोडला. १९३० च्या दशकात श्मुएल होल्त्झमन यांनी इथे जमीन घेऊन वसाहत उभारू पाहिली. गुश एत्झिओन हे नाव त्यांच्याच आडनावावरून घडवलेले आहे. १९३६ च्या अरब उठावात तेही काम थांबले. १९४३ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या धार्मिक तरुणांच्या एका गटाने क्फार एत्झिओन वसवले, आणि पुढच्या चार वर्षांत शेजारी मस्सुओत यित्झाक, एन त्झुरिम आणि रेवादिम ही गावे उभी राहिली. यांतले रेवादिम निधर्मी समाजवाद्यांचे होते, बाकीची धार्मिक.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला, त्यात हा सगळा भाग नियोजित अरब राज्यात गेला. (भारताने त्या ठरावाच्या विरोधात मत दिले होते, मुंबईच्या मंडळाने हे टिपून ठेवावे, कारण प्रश्नोत्तरांत ते हमखास निघते.) त्यानंतरच्या युद्धात ही चार गावे वेढ्यात सापडली. जानेवारी १९४८ मध्ये मुले आणि त्यांच्या माता यांना जेरुसलेमला हलवण्यात आले. त्याच महिन्यात रसद घेऊन डोंगरातून पायी निघालेले ३५ तरुण वाटेतच मारले गेले. एत्झिओनच्या रक्षकांनीही जेरुसलेम-हेब्रॉन रस्त्यावरील अरब वाहतुकीवर हल्ले केले होते आणि हा रस्ता अरब बाजूच्या दृष्टीने जीवनवाहिनी होता. ९ एप्रिलला जेरुसलेमजवळच्या देर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून अधिक अरब ग्रामस्थांना ठार केले. १३ मे १९४८ रोजी, इस्रायलच्या स्थापनेच्या आदल्या दिवशी, अरब लीजन (जॉर्डनचे सैन्य) आणि आसपासच्या गावांतील सशस्त्र लोकांपुढे क्फार एत्झिओन पडले. त्या हल्ल्यात शंभराहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांतली बरीच शरणागतीनंतर मारली गेली. उरलेली तीन गावे दुसऱ्या दिवशी शरण गेली आणि तिथल्या रहिवाशांना जॉर्डनमध्ये युद्धकैदी म्हणून ठेवण्यात आले. हिब्रू पंचांगानुसार १३ मेची तिथी ४ इय्यार होती, आणि इस्रायलचा सैनिक-स्मरणदिन सर्वसाधारणपणे याच तिथीला पाळला जातो.

हे लिहून झाल्यावर पुढची १९ वर्षे रिकामी सोडू नयेत. अन्य तीन गावांतील लोकांनी सुटकेनंतर त्याच नावांची गावे इस्रायलच्या हद्दीत नव्याने वसवली, तर क्फार एत्झिओनच्या वाचलेल्यांपैकी काहींनी कार्मेल डोंगरावर नीर एत्झिओन उभारले. क्फार एत्झिओनच्या कित्येक मुलांचे वडील युद्धात गेले होते. ही मुले विधवा मातांबरोबर वाढली, आणि जुन्या गावाजवळचा एकाकी ओकवृक्ष सीमेपलीकडून, लांबून त्यांना दाखवला जात असे. पुढे १९७० मध्ये त्याच झाडाशेजारी आलोन श्वुत ही वसाहत झाली. स्मृतीच्या पानावर हे झाड अवश्य लिहावे, कारण जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक घेतल्याबरोबर याच मुलांनी, आता विशीत आलेल्या तरुणांनी, परत जाण्याची मागणी लावून धरली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी परवानगी दिली आणि २७ सप्टेंबर १९६७ रोजी क्फार एत्झिओन पुन्हा वसले. १९६७ नंतरची वेस्ट बँकेतील ही पहिली वसाहत होय.

त्याच्या केवळ नऊ दिवस आधी, १८ सप्टेंबरला, इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाचे कायदेविषयक सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सरकारला लेखी मत दिले होते की ताब्यातील प्रदेशांत नागरी वसाहती करणे चौथ्या जिनिव्हा कराराच्या स्पष्ट तरतुदींविरुद्ध जाईल. या दोन तारखा कालपटावर शेजारी-शेजारी लिहाव्यात. एकीकडे आईवडिलांच्या गावी परतणारी मुले आणि दुसरीकडे आपल्याच सरकारला सावध करणारा अधिकारी, हे दोन्ही एकाच पंधरवड्यात घडले, आणि माझ्या मते या गावाची सगळी गुंतागुंत त्या पंधरवड्यात सामावलेली आहे.

जमिनीचा कागद वाचणे

मालकीच्या पानावर काम करताना मराठी वाचकाला एक फायदा असतो: जमिनीच्या नोंदींची आपल्याला सवय आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार, कूळ आणि इतर हक्क यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शेतकऱ्याच्या नावावर जमीन असल्याने ते शेत महाराष्ट्रात येत नाही, आणि ते कर्नाटकात आहे म्हणून त्याची मालकीही जात नाही, हेही आपण जाणतो. हे उदाहरण बैठकीत द्यावे, पण ते इथेच सोडावे. सीमाभागात दोन्हीकडचे लोक एकाच देशाचे मतदार आहेत, तर वेस्ट बँकेत पॅलेस्टिनी रहिवासी लष्करी अमलाखाली असतात आणि शेजारच्या वसाहतीतील इस्रायली नागरिक इस्रायलच्या संसदेसाठी मतदान करतात. हा फरक इतका मोठा आहे की त्यापुढे तुलना टिकत नाही.

१९४८ पूर्वीच्या क्फार एत्झिओनची जमीन ज्यू संस्थांनी व व्यक्तींनी विकत घेतलेली होती, ही गोष्ट गंभीरपणे कोणी नाकारत नाही. १९४८ नंतर वेस्ट बँक जॉर्डनकडे गेली, १९५० मध्ये जॉर्डनने ती आपल्या राज्याला जोडली आणि ज्यूंच्या नावावरील जमिनी शत्रूमालमत्तेच्या अभिरक्षकाच्या ताब्यात ठेवल्या. १९६७ नंतर त्या इस्रायली प्रशासनाकडे आल्या. मात्र आजचा गुश एत्झिओन त्या जुन्या खरेदीपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि नव्या वाढीव भागाला जुन्या खरेदीखताचा आधार देता येत नाही. एखाद्या वक्त्याने ‘गुश एत्झिओनची जमीन विकत घेतलेली आहे’ असे म्हटले, तर कोणत्या वर्षी आणि कोणती टेकडी, असे शांतपणे विचारावे.

वाढीव भागाचे कोडे समजण्यासाठी १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा थोडक्यात माहीत हवा. त्यात ‘मुल्क’ म्हणजे पूर्ण मालकीची जमीन, ‘मीरी’ म्हणजे जिची अंतिम मालकी राज्याकडे पण कसण्याचा व वारशाचा हक्क शेतकऱ्याकडे अशी जमीन, आणि ‘मवात’ म्हणजे वस्तीपासून दूरची पडीक जमीन, असे प्रकार आहेत. मीरी जमीन सलग तीन वर्षे कसली नाही तर तिच्यावरचा हक्क जाऊ शकतो. वेस्ट बँकेतील सुमारे एक-तृतीयांश जमिनीचीच रीतसर नोंदणी १९६७ पर्यंत झाली होती, आणि पुढे इस्रायली प्रशासनाने ते काम थांबवले. १९७९ पर्यंत बऱ्याच वसाहतींसाठी खासगी जमिनी ‘लष्करी गरज’ म्हणून ताब्यात घेतल्या जात. त्या वर्षी एलोन मोरे प्रकरणात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिथली वसाहत लष्करी गरजेची नाही असे ठरवून ती खासगी जमिनीवरून हलवायला लावली. त्यानंतर सरकारने मार्ग बदलला: नोंद नसलेली, न कसलेली जमीन शोधायची आणि ती ‘राज्याची जमीन’ म्हणून जाहीर करायची. शेतकऱ्याला हरकत घेता येते, पण आपण ती सलग कसत आलो हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

याचे जवळचे उदाहरण म्हणून ऑगस्ट २०१४ ची घोषणा घ्यावी. त्या वर्षी जून महिन्यात गुश एत्झिओनमधून तीन इस्रायली मुलांचे अपहरण होऊन त्यांची हत्या झाली होती. ऑगस्टअखेरीस इस्रायलने याच परिसरातील जवळपास ४,००० दुनम जमीन राज्याची म्हणून जाहीर केली. एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपले जवळपास दहा गुंठे. म्हणजे ही जमीन साधारण हजार एकर भरते. ती भोवतालच्या पॅलेस्टिनी गावांच्या शिवारातली होती. दुनमाचे गुंठ्यात रूपांतर करून दाखवणे हा लहानसा उपाय आहे, पण त्याने श्रोत्यांना आकडा हातात घेतल्यासारखा वाटतो.

कायद्याचे पान

हे पान फार वाढवू नये, पण बिनचूक असावे. चौथ्या जिनिव्हा कराराचे (१९४९) कलम ४९ व्यापणाऱ्या सत्तेला स्वतःची नागरी लोकसंख्या व्यापलेल्या प्रदेशात हलवण्यास मनाई करते. इस्रायल सरकारचे म्हणणे असे की जॉर्डनचे सार्वभौमत्व जगाने जवळजवळ मान्यच केले नव्हते, त्यामुळे हा कोणा दुसऱ्या राज्याचा प्रदेश नाही, आणि स्वेच्छेने राहायला जाणारे नागरिक म्हणजे ‘हलवलेली’ लोकसंख्या नव्हे. हा युक्तिवाद जगात फारसा स्वीकारला गेलेला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ च्या आणि १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतांत वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे म्हटले, आणि सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये ठराव २३३४ द्वारे तेच सांगितले. दुसरीकडे, जमिनीच्या अदलाबदलीवर आधारलेल्या अनेक शांतताप्रस्तावांत गुश एत्झिओनचा बराचसा भाग इस्रायलकडे राहील अशी कल्पना आलेली आहे. बेकायदेशीर ठरवली गेलेली वसाहत पुढे वाटाघाटीत कायम होऊ शकते, आणि वाटाघाटीत गृहीत धरली गेली म्हणून ती आज कायदेशीर ठरत नाही, ही दोन्ही वाक्ये एकत्र लिहावीत.

आतले जीवन

बहुतेक मंडळे इथपर्यंत येऊन थांबतात, आणि त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे किबुत्झ म्हणजे नकाशावरचा ठिपका एवढाच राहतो. प्रत्यक्षात धार्मिक किबुत्झचा सर्वांत रंजक भाग म्हणजे शेती, समता आणि धर्मशास्त्र यांची रोजची सांगड. इथे एक सोपी पद्धत वापरावी: एकच काम घ्यावे आणि ते धर्मनियमांसह शेवटपर्यंत समजून घ्यावे. मी गोठ्यातले दूध घेतो. शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, श्रमाची कामे वर्ज्य असतात आणि दूध काढणे त्यांतच मोडते. पण दुभत्या गाईची कास भरलेली ठेवणे म्हणजे तिला वेदना देणे, आणि मुक्या प्राण्याची वेदना दूर करणे हेही धर्माचे सांगणे. जुन्या काळी अशा वेळी ज्यू नसलेल्या शेजाऱ्याला दूध काढायला सांगत, परंतु ज्यांनी ‘स्वतःच्या हाताने श्रम’ हेच व्रत घेतले होते त्यांना ते पटेना. काही ठिकाणी दूध जमिनीवर सोडून दिले जाई, म्हणजे गाय मोकळी होते पण शब्बाथच्या श्रमाचा लाभ कोणी घेत नाही. गरीब वसाहतीला हा तोटा जड होता. पुढे दूध काढण्याची यंत्रे आली, आणि वीज व घड्याळाच्या साह्याने ती नियमांत बसवण्याच्या पद्धती धर्मशास्त्री आणि गोठ्यातील माणसे यांनी मिळून काढल्या. अशा प्रश्नांवर तंत्रज्ञानाची उत्तरे शोधणारी झोमेत ही संस्था आलोन श्वुतमध्येच आहे, म्हणजे क्फार एत्झिओनच्या शेजारी.

हेच शेतीच्या बाबतीत. नवीन लावलेल्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे खायची नाहीत, दोन जातींची पिके मिसळून पेरायची नाहीत, आणि दर सातव्या वर्षी जमीन विसाव्याला सोडायची. असे विसाव्याचे वर्ष २०२१-२२ मध्ये झाले आणि पुढचे २०२८-२९ मध्ये येईल. त्या वर्षी काही समुदाय जमीन कागदोपत्री ज्यू नसलेल्या व्यक्तीला विकण्याची सवलत घेतात, काही मातीविना पिके घेतात, तर काही खरोखर जमीन पडीक ठेवतात. इथे श्रोत्यांना विचार करायला वेळ द्यावा: जमीन आपली आहे हे ज्या श्रद्धेच्या बळावर सांगितले जाते, तीच श्रद्धा दर सात वर्षांनी सांगते की ती देवाची आहे.

सामूहिक जीवनही बदलले आहे हे विसरू नये. सर्वसाधारण सभा, कामांची पाळी ठरवणारा कार्यकर्ता, सामायिक भोजनगृह आणि सगळ्यांना सारखा वाटा, हे जुने चित्र अनेक किबुत्झांत आता फिकट झाले आहे. बऱ्याच ठिकाणी कामानुसार वेगळे वेतन आणि घराची खासगी मालकी आली आहे. गावाचे उत्पन्नही शेतीबरोबर उद्योग व पर्यटनावर चालते. जुनी पुस्तके वाचून आजच्या किबुत्झचे वर्णन करू नये.

राजकीय मतांबाबतही एकच रंग लावू नये. गुश एमुनिम ही वसाहती वाढवणारी धार्मिक चळवळ १९७४ च्या सुरुवातीला क्फार एत्झिओनमध्येच स्थापन झाली. पण याच परिसरातील हार एत्झिओन येशिवाचे (ज्यू धर्मविद्यालयाचे) प्रमुख रब्बी येहुदा अमिताल यांनी १९८८ मध्ये मेमाद ही संघटना उभी केली आणि शांततेसाठी प्रदेशाची तडजोड करावी, मानवी जीव भूमीहून मोठा आहे, अशी भूमिका घेतली. एकाच टेकडीवरून, एकाच ग्रंथपरंपरेतून ही दोन मते आली, हे श्रोत्यांना सांगितल्याशिवाय बैठक संपवू नये.

शेजारी

पॅलेस्टिनी बाजूसाठीही माणसाच्या पातळीवर उतरावे. नाहालीन किंवा बेत उम्मर घ्यावे आणि तिथला शेतकरी द्राक्षबाग व ऑलिव्हच्या बांधांवर कसा पोहोचतो, परवाने, रस्ते आणि तपासनाक्यांनी त्याचा दिवस कसा ठरतो, हे पाहावे. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकेची अ, ब, क अशी विभागणी केली. वसाहती ‘क’ भागात आहेत आणि तिथले बांधकाम-परवाने इस्रायलच्या हाती आहेत. एकाच गावाची घरे एका भागात आणि शेते दुसऱ्या भागात असे होते. वसाहतींत मजुरीला येणाऱ्या पॅलेस्टिनींचे परवाने ऑक्टोबर २०२३ नंतर मोठ्या प्रमाणावर थांबवले गेले, आणि त्याचा फटका शेजारच्या गावांतील चुलींना बसला.

मग अल-अर्रूबच्या छावणीकडे यावे. १९४९ पासून तिथे राहणाऱ्या कुटुंबांची मूळ गावे आज इस्रायलच्या हद्दीत आहेत. क्फार एत्झिओनच्या मुलांना आईवडिलांच्या जागी परत जाता आले, छावणीतल्या मुलांना ते करता येत नाही. इस्रायलमध्ये याचे उत्तर असे दिले जाते की निर्वासितांच्या सामूहिक परतीने ज्यू राज्यच उरणार नाही. पॅलेस्टिनी म्हणतात की परतीचा हक्क एकाला असेल तर तो दुसऱ्यालाही असलाच पाहिजे. माझ्या मते या दुसऱ्या म्हणण्याला क्फार एत्झिओनच्या संदर्भात पूर्ण उत्तर मिळालेले नाही, आणि १९४८ ची आठवण ज्यांना मनापासून पटते त्यांनी तरी हा प्रश्न टाळू नये.

मुंबईत कोणाला आणि कसे विचारावे

मुंबईतील बेने इस्रायली समाज मराठी बोलतो आणि कोकणाशी नाते सांगतो. शनिवारी घाणा न चालवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १७९६ मध्ये उभारलेले मांडवीचे शारे राहामीम, १८६० च्या दशकातले भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि १८८४ चे काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू ही सिनेगॉग शहरात आहेत. भेटीची इच्छा असल्यास आधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे आणि शनिवारी किंवा सणाला चौकशीसाठी जाऊ नये. नोव्हेंबर २००८ नंतर सुरक्षेचे नियम कडक आहेत आणि ते बिनतक्रार पाळावेत.

सर्वांत महत्त्वाचे, तिथल्या आजी-आजोबांना इस्रायल सरकारच्या धोरणाचा जाब विचारू नये. ते मुंबईकर आहेत. त्यांना शब्बाथचा स्वयंपाक, मलिद्याचा विधी, इस्रायलला गेलेली भावंडे आणि तिथे पहिल्या वर्षांत आलेले अनुभव विचारावेत; यांतून धर्म आणि दैनंदिन जीवनाचे नाते जसे उलगडते तसे पुस्तकातून उलगडत नाही. तिथे गेलेल्यांना आपले ज्यूपण पूर्णपणे मान्य करून घेण्यासाठी १९६४ पर्यंत झगडावे लागले, हेही त्यांच्याकडून ऐकण्यासारखे आहे. हाच नियम मुस्लिम शेजाऱ्यांच्या बाबतीतही पाळावा. भेंडीबाजारातल्या चाचांना पॅलेस्टाइनचे प्रवक्ते समजू नये.

इस्रायलमधील कोणाशी फोनवर बोलायचे ठरले तर वेळ जपावी. मुंबईचे घड्याळ उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असते. धार्मिक किबुत्झमधील व्यक्ती शुक्रवारी सूर्यास्तानंतर फोन उचलणार नाही, आणि शनिवारी आपल्याकडे रात्रीचे नऊ, उन्हाळ्यात अकरा वाजेपर्यंत वाट पाहावी लागेल. पॅलेस्टिनी व्यक्तीशी बोलायचे असल्यास शुक्रवारची दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी.

मूळ दस्तऐवजांसाठी संयुक्त राष्ट्रे व आंतरराष्ट्रीय न्यायालय यांची संकेतस्थळे पुरेशी आहेत. पार्श्वभूमीच्या वाचनासाठी कलिना येथील विद्यापीठाचे ग्रंथालय आणि टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी उपयोगी पडेल. भारताची भूमिका तपासताना १९५० मध्ये इस्रायलला मान्यता, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, एवढे टप्पे लक्षात ठेवावेत. या काळात इस्रायलचा वाणिज्य दूतावास मुंबईतच होता.

मांडणी

मांडणीसाठी दोन वक्ते नेमावेत आणि प्रत्येकाला त्याला स्वतःला न पटणारी बाजू द्यावी. श्रोत्यांच्या हाती नकाशाची प्रत द्यावी. पहिल्या पंधरा मिनिटांत केवळ कालपट सांगावा, मत कोणीही देऊ नये. प्रश्नोत्तरांत प्रत्येक प्रश्न तीन पानांपैकी कोणत्या पानाचा आहे हे अध्यक्षांनी आधी सांगावे आणि त्याच पानावरून उत्तर मागावे. एवढ्यानेच आवाज पुष्कळ खाली येतात. मृतांचे आकडे दोन्ही बाजूंचे सांगावेत आणि ते सांगताना टाळ्या होऊ देऊ नयेत.

पुढच्या बैठकीसाठी जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील तिरात झ्वी हे गाव घ्यावे. तोच धर्म, तीच सामूहिक परंपरा, परंतु भूमी शस्त्रसंधी रेषेच्या आतली. दोन्ही गावांची टिपणे शेजारी ठेवली की क्फार एत्झिओनमधले काय धर्मातून आले, काय किबुत्झमधून आले आणि काय केवळ त्या टेकडीमुळे आले, हे वेगळे करता येते.